चांदणी मी काढलेली नाही

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ही वही मी एप्रिलमध्ये आपटून बंद केली होती, छपाई विभागाच्या यादीत माझं नाव लागलं नाही त्या दिवशी. आज पुन्हा उघडली, कारण जागा पुन्हा भरायच्या आहेत. जागा आठ आणि आम्ही बावीस जण. या वेळी नाही लागलं तर उरलेली दोन वर्षं जाहिरात विभागात बसून साबणाची खोकी रंगवायची. मला ते करायचं नाही. मला रोलर हवा, शाई हवी आणि कोपऱ्यातलं ते लोखंडी प्रेस हवं, ज्याचं चाक फिरवायला दोन्ही हात लागतात.

परीक्षा म्हणून कात्री सरांनी नाताळचं कार्ड करायला सांगितलंय. (कात्री अशासाठी, की कुणाचंही चित्र पुढे आलं की ते त्याच्या कडा हातांनी झाकत 'हे काप, हेही काप' म्हणत सुटतात. शेवटी बोटभर चित्र उरतं.) अटी फळ्यावर लिहिल्या. झाड, घंटा, चांदणी, बर्फ, मेणबत्ती आणि दाढीवाला म्हातारा, यातलं काही म्हणजे काही काढायचं नाही. पाकीट नाही. उघडं कार्ड, त्यावर तिकीट, आणि ते टपालानं सरांच्या घरी तेवीस तारखेपर्यंत पोचलं पाहिजे. हातात आणून दिलेलं चालणार नाही. "कार्ड म्हणजे पाठवलेलं चित्र," म्हणाले, "पोचलं नाही तर ते कार्ड नव्हे."

वर्गातल्या लंबूनं विचारलं, मग काढायचं काय? सर म्हणाले, तेच तर बघायचंय.

माझ्याबद्दल ते एप्रिलमध्ये म्हणाले होते, "हात तुझा आहे, डोकं उसनं आहे." आठ महिने हे वाक्य माझी पाठ सोडत नाही. या वेळी डोकंसुद्धा माझंच असेल. लिहून ठेवते.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून अकरा कल्पना सुचल्या, अकराही भिकार. रिकामी खुर्ची. बंद दुकान. दोरीवर वाळत घातलेला एकच मोजा. मोजा बघून आईनं विचारलं, दुसरा हरवला का? डोकं चालेना म्हणून मी टेबल आवरायला घेतलं. तिथे मावशीचं जुनं पत्र पडलं होतं. तिकिटावर अर्धा आणि कागदावर अर्धा असा गोल शिक्का बसला होता. काळा, काठाला अक्षरं, मधोमध तारीख. मी ते पत्र हातात धरून इतका वेळ उभी राहिले की आईनं कपाळाला हात लावून पाहिला.

चांदणी काढायची नाही ना? नाही काढणार. टपालखातं काढील.

गावाची छपरं मी छापायची. उजवीकडे एक उंच घर, आणि त्याच्या माळ्याच्या खिडकीच्या जागी तिकीट चिकटवायचं. वर आभाळ कोरं. कार्ड टपालात पडलं की कुणीतरी, ज्याला मी ओळखत नाही आणि जो मला ओळखत नाही, तिकिटावर शिक्का मारील. तीच चांदणी. बरोबर जागी पडली तर पडली, नाही तर नाही. हे डोकं कुणाकडून उसनं आणलंय ते आता सरांनी सांगावंच.

३ डिसेंबर, बुधवार

जेवताना घरी सांगितलं. आईला आवडलं असावं, पण ती आधी बाबांकडे बघायला लागली.

बाबा टपालखात्यात आहेत, एकोणतीस वर्षं. आत टपाल निवडतात. नेमकं काय काय करतात ते मी कधी विचारलं नाही. सहा वर्षांची असताना एकदा गेले होते आणि पोत्यांवर झोपून गेले होते, एवढंच आठवतं. त्यांनी मी आणलेला हातकागद दोन बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "फार जाड आहे. मशीन घेणार नाही, बाहेर टाकील."

मी म्हटलं, म्हणजे पोचणार नाही?

"पोचेल. बाहेर टाकलेलं हातानं होतं." मग कागद परत देत म्हणाले, "आणि आभाळ काळं करते आहेस, ते का?"

रात्रीचं आभाळ काळं नाही तर काय जांभळं असतं? मी तसं बोलूनही गेले. त्यांनी भात कालवायला घेतला. मला राग याचा येतो की कशालाही त्यांचं पहिलं उत्तर अडचणीचं असतं. कागद जाड, आभाळ काळं. एकदा तरी 'वा' म्हणावं माणसानं.

६ डिसेंबर, शनिवार

लिनो (कोरून छापायची रबरासारखी लादी) कापून झाला. डाव्या अंगठ्याला पट्टी आहे, पण कौलं अशी उठलीत की विचारू नका. दिवसभर कॉलेजातल्या प्रेसवर होते, परीक्षेपुरतं ते सगळ्यांना खुलं आहे. तीस छापे काढले, आभाळ काळंभोर, मखमलीसारखं. घरी हात धुताना बाबाही शेजारी हात धूत होते. त्यांच्या नखांत नेहमीसारखी काळी शाई, माझ्याही. आई म्हणाली, घरात एक काळ्या हातांचं माणूस पुरेसं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

मी गाढव आहे.

लंबूला छापा दाखवला. तो म्हणाला, छान, पण शिक्क्याची शाई कुठल्या रंगाची असते?

काळी. शिक्का काळा असतो. काळ्या आभाळावर काळा शिक्का. तीस छापे, चार दिवस, एक अंगठा, आणि माझी चांदणी कुणालाही दिसणार नाही. पेनच्या शाईचा डाग काळ्या कापडावर शोधण्यातला प्रकार.

आणि बाबांना हे बुधवारीच कळलं होतं. 'आभाळ काळं का' म्हणून विचारलं होतं त्यांनी. मग सरळ सांगायचं ना, की ठमे, शिक्का काळा असतो! (घरात मला ठमी म्हणतात. हे कॉलेजात कुणाला कळता कामा नये.) आईकडे तक्रार केली. ती म्हणाली, सांगितलं असतं तर ऐकलं असतंस? मी दार आपटलं.

रडून झालं. नवा लिनो उद्या. आभाळ पांढरं, घरं काळी, चांदणी काळी. पांढऱ्या आभाळात काळी चांदणी! खरं तर हे आधीपेक्षा चांगलं आहे, पण हे मी बाबांना सांगणार नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

नवा लिनो एका दिवसात कापला. रागात हात भराभर चालतो. साध्या कागदावर बारा-पंधरा कच्चे छापे काढून पाहिले, कुठे शाई कमी, कुठे जास्त. खोलीभर पसरले होते. संध्याकाळी बाबांनी विचारलं, यातले बिघडलेले नेऊ का? मी विचारलं, कशाला? म्हणाले, ऑफिसात टेबलाचा पाय डुगडुगतो.

माझी कला टेबलाच्या पायाखाली. न्या म्हटलं, सगळे न्या.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज विशेष काही नाही. खऱ्या कागदावर छपाई अजून जमत नाही. कागद ओला करून छापला तर शाई पसरते, कोरडा छापला तर कौलं उठत नाहीत.

बाबा चार वाजताच घरी आले. हातात त्यांच्या खुर्चीची उशी, चहाचा मग आणि बोटात घालायची ती रबरी टोपी. आता घरात ऑफिसचा पसाराही भरायला लागला. उशी माझ्या खुर्चीवर ठेवलीय, आणि तिचा वास पोत्यांचा येतो. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, राहू दे काही दिवस. हल्ली ती बाबांच्या बाबतीत फार मऊ झालीय.

१५ डिसेंबर, सोमवार

सरांनी प्रत्येकाकडून एक चिठ्ठी मागितली. कार्डाखाली लावायची, कुणी काय केलं ते त्यात लिहायचं. मी लिहिलं: 'घरं, छपरं, रस्ता: मी. चांदणी मी काढलेली नाही. ती टपालखात्यातल्या एका अनोळखी माणसानं काढली आहे.' सरांनी वाचली आणि पहिल्यांदाच काहीही कापलं नाही. म्हणाले, म्हणजे सगळं योगायोगावर सोडलंस. हो म्हटलं. "धाडस आहे," म्हणाले. हे मी तीन वेळा मनात म्हणून पाहिलं.

घरी आल्यावर भांडण. बाबा म्हणाले, कार्ड वीस तारखेला टाक, सकाळी अकराच्या आत, आणि आमच्याच ऑफिसच्या भिंतीतल्या पेटीत टाक. मी म्हटलं, गावातल्या गावात जायचंय, बावीसला टाकलं तरी तेवीसला पोचेल. शिवाय छापा अजून झालेला नाही, झाल्यावर शाई वाळायला तीन दिवस लागतात. ते म्हणाले, "वीस."

का, ते सांगत नाहीत. नुसतं वीस. या माणसाशी बोलणं म्हणजे फॉर्म भरणं आहे.

१७ डिसेंबर, बुधवार

झाला!

कागद आदल्या दिवशी भिजवून, टॉवेलात गुंडाळून ठेवायचा आणि जेमतेम ओला असताना छापायचा. पंधरा कागद गेले, सोळावा उतरला. एकेक कौल सुटं दिसतंय. माळ्यावर तिकिटाएवढा चौकोन कोरा ठेवलाय. दोन घरांच्या मधून रस्ता, आणि त्या पांढऱ्या रस्त्यावर पत्ता लिहायचा, म्हणजे पोस्टमनही चित्रातूनच चालत जाईल. स्वयंपाकघरातल्या दोरीला चिमट्यानं लावलाय. आई खालून वाकून ये-जा करतेय.

चांदणी नेमकी कुठे पडावी ते मला माहीत आहे. खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर, अर्धी आत, अर्धी बाहेर, कुणाच्या तरी खिडकीशी येऊन थांबल्यासारखी. पण तिथे पडणार नाही. शेकडो टपालं हातांखालून जात असताना कोण कशाला एवढं बघेल?

१९ डिसेंबर, शुक्रवार

शाई अजून चिकटते. मी जाहीर केलं की कार्ड सोमवारी टाकणार. बाबा उठले. दोरीखाली उभे राहून बोटाच्या पाठीनं छाप्याला हलकेच हात लावला आणि म्हणाले, उद्यापर्यंत वाळेल. मी म्हटलं, सोमवारी.

ते आत गेले. मग आई जवळ आली. मला वाटलं ओरडेल. पण ती अगदी हळू म्हणाली, "आयुष्यात एकदा त्यांचं ऐक. कारण विचारू नकोस."

आई असं कधी बोलत नाही. ठीक आहे. शाई पुसटली तर जबाबदार मी नाही.

२० डिसेंबर, शनिवार

वाळली होती. बाबा म्हणाले तशीच. मी काहीच कबूल केलं नाही.

पत्ता लिहिला, तिकीट लावलं (खिडकी चौकटीत नेमकी बसली) आणि अकराला वीस मिनिटं कमी असताना पेटीत सोडलं. आत पडल्याचा आवाजही आला नाही. तीन आठवड्यांचं काम एवढ्याशा फटीतून गेलं. आत जाऊन बाबांना सांगावंसं वाटलं, पण मग वाटलं, त्यांच्या ओळखीनं काही होतंय असं नको. योगायोग म्हणजे योगायोग.

बाबा दोनलाच घरी आले. भरलेली पिशवी होती, ती त्यांनी कपाटावर टाकली. मग किती तरी वेळ हात धूत होते. ब्रशनं, साबण लावून, पुन्हा साबण लावून. जेवायला बसले तेव्हा नखं स्वच्छ, मी जन्मात पाहिली नव्हती इतकी. मी थट्टेनं म्हटलं, आज साहेब दिसताय. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा विनोद गिळला.

एवढं काय झालं? मी टाकलं ना वीसला?

२३ डिसेंबर, मंगळवार

बावीसपैकी एकोणीस पोचली. लंबूचं पत्र्याचं कार्ड पोचलं नाही, त्याला वाटतं ते कुणीतरी घराला लावून घेतलं असेल. सरांनी एकेक टेबलावर मांडलं. बहुतेकांवर मशीनच्या काळ्या नागमोडी रेघा, चेहऱ्यावरून, फुलांवरून, खुशाल. दोन मुली रडवेल्या झाल्या होत्या.

माझं सर्वांत शेवटी. त्यावर नागमोडी रेघा नव्हत्या. गोल शिक्का होता, गर्द, अक्षर न् अक्षर उठलेलं, मध्ये वीस डिसेंबर. आणि खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर. अर्धा आत, अर्धा बाहेर.

सर बराच वेळ वाकून बघत होते. दोन्ही हात उचलले, कडा झाकायला म्हणून, आणि तसेच खाली घेतले. म्हणाले, "असा योगायोग मी तीस वर्षांत पाहिला नाही."

उद्या दुपारी प्रदर्शन, घरच्यांना घेऊन यायचंय. पाच वाजता यादी लागेल. जाता जाता सर मला म्हणाले, योगायोगावर विश्वास ठेवणारं डोकं मला विभागात हवंच आहे. म्हणजे झालं! जवळजवळ झालंच!

२४ डिसेंबर, बुधवार

घडलं तसं लिहिते, नाही तर उद्या मला पटायचं नाही.

आई-बाबा तीनला आले. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते पहिल्या कार्डापासून क्रमानं बघत गेले. चित्रं नव्हेच, नुसते शिक्के बघत होते. माझ्या कार्डापाशी थांबले, चष्मा कपाळावर सरकवला, नाक काचेला टेकेल इतके वाकले. आजूबाजूला आठ-दहा जण होते आणि सर त्यांना सांगत होते, की हा शिक्का बघा, हा कुणीही ठरवून मारलेला नाही.

बाबा कुणालाच उद्देशून नाही, आपल्याशीच म्हणाले, "केसभर डावीकडे गेला."

मी शेजारी उभी होते. आधी अर्थ लागला नाही. मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. उजव्या तळहाताला मनगटाजवळ घट्टा आहे, माझ्या लहानपणापासून आहे. सायकलच्या मुठीनं पडला असेल असं मी धरून चालले होते. नखं अजून स्वच्छ होती. 'बाहेर टाकलेलं हातानं होतं.' हातानं म्हणजे कुणाच्या, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

मी आईला बाजूला नेऊन विचारलं, वीसला काय होतं?

हातशिक्क्याचं टेबल बंद झालं. वीस तारीख शेवटची. आता जाड कागदासाठीही नवीन मशीन आलंय. दोन जानेवारीपासून बाबा पार्सलांकडे. महिनाभर आधी कळलं होतं. मला का नाही सांगितलं विचारलं, तर आई म्हणाली, "तिचं कार्ड आधी होऊ दे म्हणाले. आणि तू अनोळखी माणूस शोधत होतीस. काखेत कळसा आणि गावाला वळसा."

सर अजून योगायोगावरच बोलत होते. पाचला तासभर कमी होता. मला माहीत होतं, गप्प राहिले तर यादीत नाव आहे. बाबा तर जन्मात बोलले नसते. दहा मिनिटं मी पाण्याच्या पिंपापाशी उभी राहून तहान नसताना पाणी प्यायले. मग जाऊन सर्वांसमोर सांगितलं, की सर, हा योगायोग नाही. शिक्का माझ्या बाबांनी मारलाय. मला माहीत नव्हतं, पण चिठ्ठीत लिहिलंय ते खोटं आहे.

सर्वांनी बाबांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. सरांनी विचारलं, तुम्ही? बाबा साहेबापुढे उभं राहावं तसे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "नियमात बसतं ते. शिक्का तिकिटावर पडला पाहिजे, एवढाच नियम आहे. तिकिटाच्या कुठल्या कोपऱ्यावर, ते लिहिलेलं नाही."

सर हसले नाहीत. मला म्हणाले, मी योगायोगाचं कौतुक केलं होतं, ते आता मागे घ्यावं लागेल. मी हो म्हटलं. पेन मागून घेतलं, चिठ्ठीतली शेवटची ओळ खोडली आणि लिहिलं: 'चांदणी: बाबा.'

पाचला यादी लागली. सातवं नाव माझं आहे. सरांना कारण विचारायला मी थांबले नाही. ते मागून एवढंच म्हणाले, की कार्ड आता पुरतं झालं.

घरी आल्यावर बाबांनी कपाटावरची पिशवी उतरवली आणि माझे बिघडलेले छापे टेबलावर मांडले. त्यांच्या कामात रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलली की रद्दी कागदावर एक ठसा मारून बघायचा असतो. रोज एकच. दहा तारखेपासून ते हा ठसा माझ्या छाप्यावर मारत आले होते, प्रत्येकावर माळ्याच्या जागी पेन्सिलनं तिकिटाचा चौकोन आखून. रविवार सोडून एकोणीसपर्यंत नऊ दिवस, नऊ छापे. दहाला चांदणी रस्त्यात पडलीय. अकराला धुराड्यावर. बाराला, म्हणजे उशी आणली त्या दिवशी, आभाळात फार वर गेलीय. मग दिवसेंदिवस खिडकीकडे सरकत आलीय. कुठे पडायला हवी ते मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं. चित्र बघून ज्याला कळायचं त्याला कळतं.

एकोणीस तारखेचा छापा मी दिव्याखाली धरला. अगदी कोपऱ्यावर. केसभरही इकडेतिकडे नाही.

मी म्हटलं, बाबा, हा तर कार्डापेक्षा चांगला पडलाय.

"हो," ते म्हणाले. "वीसला हात जरा हलला."

मग ते उठून हात धुवायला गेले, हात स्वच्छ असताना. मला फार रडू आलं. आईनं नळ सुरू राहू दिला.

उद्या सुट्टी आहे. लिनोचा एक तुकडा उरलाय, शाईही आहे. बाबांना उद्या लिनो कापायला शिकवणार आहे. नाही म्हणतील, कागद जाड आहे म्हणतील, हात हलतो म्हणतील. मी सकाळी नऊला टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसणार आहे, आणि त्यांची ती उशी त्यांच्या खुर्चीवर ठेवणार आहे.